नानखटाईचा हिशेब

तुमच्या शाळेत आनंदमेळावा भरतच असेल. कोणी भेळ करते, कोणी सरबत विकते, कोणी घरून करंज्या करून आणते. संध्याकाळी गल्ला मोजला जातो आणि ‘एवढे पैसे जमले!’ म्हणून टाळ्या वाजतात. पण जमलेल्या पैशातून खर्च वजा जाता खरोखर किती उरले, हे फार थोडे वर्ग सांगू शकतात. आणि पदार्थ फसला असेल, तर तो का फसला हे सांगणारे त्याहूनही थोडे.

आज मी तुम्हाला कोकणातल्या आमच्या शाळेतील नववीच्या एका वर्गाची हकिकत सांगणार आहे. या वर्गाने स्नेहसंमेलनाच्या दिवशी नानखटाई विकून पैसे उभे करायचे ठरवले. पैसे हवे होते ते प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकासाठी. आमच्याकडे सूक्ष्मदर्शक एकच. पावसाळ्यातल्या दमट हवेने त्याच्या भिंगांवर बुरशी चढली होती. कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहायला मुले रांग लावीत आणि दिसे काय, तर धुके! भिंगे साफ करून घेणे आणि निकामी झालेले एक वस्तुभिंग नवे बसवणे, यासाठी ३,६०० रुपये कमी पडत होते.

नानखटाईच का? कारण ती टिकते, पाकिटात भरून घरी नेता येते, आणि गावात पावाची भट्टी होती. आपल्याकडे घरचे पीठ, तूप, साखर बेकरीत नेऊन नानखटाई भाजून आणण्याची चाल जुनी आहे. ‘नान’ हा शब्द फारसी. त्याचा अर्थ रोटी किंवा पाव. सुरतेतील डच व्यापाऱ्यांसाठी पाव भाजणाऱ्या भट्ट्यांतून नानखटाई पुढे आली, अशी एक कथा सांगतात. कथेचे खरेखोटे बाजूला ठेवू. पण १७ व्या शतकात सुरतेस डचांची वखार होती, हे मात्र इतिहासात नोंदलेले आहे.

पहिला घाणा फसला

मुलांनी एका घाण्याचे प्रमाण ठरवले ते असे : मैदा ४०० ग्रॅम, डाळीचे पीठ १०० ग्रॅम, पिठीसाखर २५० ग्रॅम, साजूक तूप २५० ग्रॅम, दही ३० ग्रॅम, खाण्याचा सोडा २ ग्रॅम आणि वेलदोड्याची पूड. सारे मिळून सुमारे १,०३० ग्रॅम. भट्टीत नेण्यापूर्वी अर्धा घाणा घरी करून पाहावा, असे ठरले. एका मुलीच्या घरी, तिच्या आईच्या देखरेखीखाली, जाड लोखंडी कढईत वाळू तापवून, वर झाकण ठेवून नानखटाई भाजली.

दुसऱ्या दिवशी डबा वर्गात आला. त्यात नानखटाई नव्हती. एकमेकींना चिकटलेल्या चपट्या पापड्या होत्या! साऱ्या पसरल्या होत्या. लगेच तर्क सुरू झाले. कोणी म्हणाले साखर जास्त झाली, कोणी म्हणाले सोडा कमी पडला, कोणी म्हणाले मैदा कमी होता.

दुसऱ्या वेळी मुलांनी सगळ्याच सूचना अमलात आणल्या. मैदा वाढवला. पीठ कोरडे पडले म्हणून पाणी घातले आणि पोळीच्या कणकेसारखे चांगले मळले. सोडा दुपटीहून जास्त घातला आणि दही वगळले. या वेळी नानखटाई पसरली नाही; पण ती दगडासारखी घट्ट झाली, पिवळी पडली आणि तिला साबणासारखी चव आली.

“सर, आता काय चुकले?” मुलांनी विचारले.

मी म्हटले, “ते मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही सांगू शकणार नाही. कारण तुम्ही एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या. कोणत्या बदलाने काय झाले, हे आता कसे ओळखणार?”

मित्रांनो, प्रयोगाचा हा पहिला नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सर्व तशाच ठेवायच्या आणि जे दिसेल ते वहीत लिहायचे. हा नियम प्रयोगशाळेत जितका खरा, तितकाच स्वयंपाकघरातही. मग मुलांनी फळ्यावर एकेक घटक लिहिला आणि तो नानखटाईत काय काम करतो, हे आधी समजून घ्यायचे ठरवले.

मैदा : चिवटपणा कोठून येतो?

हा प्रयोग तुम्हीही करा. चार चमचे मैदा थोड्या पाण्यात घट्ट मळा. गोळा अर्धा तास झाकून ठेवा. मग तो एका भांड्यातील पाण्यात हळूहळू चोळून धुवा. पाणी दुधासारखे पांढरे होईल. पाणी बदलत राहा. शेवटी हातात रबरासारखा, ओढला तर ताणला जाणारा करडा गोळा उरेल. त्याचे नाव ग्लुटेन. पांढऱ्या पाण्यात आयोडीनचे पातळ द्रावण दोन थेंब टाकलेत, तर निळा-काळा रंग येईल. म्हणजे धुऊन गेला तो स्टार्च. (हा गोळा आणि हे पाणी तोंडात घालू नका.) इटलीतील बोलोन्या येथे बेक्कारी या शास्त्रज्ञाने गव्हाच्या पिठातून हा चिकट पदार्थ असाच धुऊन वेगळा केला होता आणि त्याचे वर्णन १७४५ साली प्रसिद्ध झाले.

गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रकारची प्रथिने असतात. पाणी मिळाले आणि पीठ मळले गेले की ती एकमेकांत गुंतून जाळे तयार करतात. पावाला हे जाळे हवेच, कारण त्यातच वायू कोंडून पाव फुगतो. पोळीलाही ते हवे, नाही तर ती लाटताना फाटेल. पण नानखटाई तोंडात टाकताच विरघळली पाहिजे. तिला हे जाळे नको. पाणी घालून कणकेसारखे मळले, तर नानखटाई घट्ट होणारच!

तूप नेमके येथे उपयोगी पडते. पाण्याआधी तूप पिठाला चोळले की पिठाच्या कणांभोवती तुपाचा लेप बसतो. कणापर्यंत पाणी पोचत नाही आणि जाळे नीट बनत नाही. आपल्या घरी करंजीच्या पिठाला किंवा शंकरपाळ्याला ‘मोहन’ घालतात ते याचसाठी. डाळीच्या पिठात ग्लुटेन नसते, म्हणून तेही खुसखुशीतपणा वाढवते.

तूप : पातळ की थिजलेले?

मग पहिला घाणा का पसरला? तेव्हा तर पाणीही घातले नव्हते आणि पीठ फार मळलेही नव्हते. मुलांनी आठवून पाहिले, तेव्हा कळले की तूप गरम करून पातळ केले होते आणि तसेच ओतले होते.

साजूक तूप शरीराच्या उष्णतामानाच्या आसपास, म्हणजे ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या दरम्यान, पूर्ण वितळते. भट्टीत प्रत्येक नानखटाईच्या पोटात एक शर्यत चालू असते. एकीकडे तूप वितळून गोळा पसरू पाहतो. दुसरीकडे पाणी उडून आणि प्रथिने घट्ट होऊन गोळ्याचा आकार पक्का होऊ पाहतो. तूप आधीच पातळ असेल किंवा भट्टी पुरेशी तापलेली नसेल, तर पसरणे शर्यत जिंकते.

थिजलेल्या तुपाचा आणखी एक फायदा आहे. तूप आणि पिठीसाखर एकत्र फेसताना मिश्रण हळूहळू पांढरे व हलके होत जाते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. हा पांढरेपणा कोठून येतो? तुपात अडकलेल्या हवेच्या असंख्य बारीक बुडबुड्यांतून. पातळ तुपात हे बुडबुडे टिकत नाहीत. हवा २७ अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापली की तिचे आकारमान सुमारे पाव पटीने वाढते. शिवाय सोड्यातून निघणारा वायू आणि पाण्याची वाफ याच बुडबुड्यांत शिरून ते फुगवतात. म्हणून आजी जेव्हा ‘हात दुखेपर्यंत फेसा’ म्हणते, तेव्हा ती शास्त्रच सांगत असते.

सोडा : चिमूटभर का?

खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. तापवल्यावर त्याचे विघटन होते :

२NaHCO₃ → Na₂CO₃ + H₂O + CO₂

१६८ ग्रॅम सोड्यापासून ४४ ग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड मिळतो. म्हणजे आपल्या घाण्यातील २ ग्रॅम सोडा केवळ उष्णतेने पूर्ण विघटित झाला, तर सुमारे अर्धा ग्रॅम वायू मिळेल. हे फारच थोडे वाटते, नाही का? पण १०० अंश सेल्सिअसला हा अर्धा ग्रॅम वायू जवळजवळ एक तृतीयांश लिटर जागा व्यापतो!

आता समीकरणाच्या उजवीकडे पुन्हा पाहा. वायू निघून गेल्यावर मागे काय राहिले? सोडियम कार्बोनेट, म्हणजेच धुण्याचा सोडा. सोडा जास्त घातला की नानखटाईला साबणासारखी चव का येते, ते आता कळले ना? दह्यातील लॅक्टिक आम्ल सोड्याशी संयोग पावून वायू मोकळा करते आणि मागे राहणारा अल्कधर्मी भाग कमी करते. म्हणून सोडा बेताने घालायचा आणि दही वगळायचे नाही.

जास्त सोड्याने रंगही बदलतो. भाजताना काही शर्करा आणि प्रथिनांतील अमिनो आम्ले यांच्यात क्रिया होऊन तपकिरी रंग व खमंग वास निर्माण होतो. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून तिला मायार क्रिया म्हणतात. पिठात अल्कधर्म वाढला की ही क्रिया जलद होते आणि आतून भाजण्यापूर्वीच नानखटाईचा रंग गडद होतो.

तिसऱ्या वेळी मुलांनी पहिल्या घाण्याचेच प्रमाण घेतले. मैदा तोच, साखर तीच, सोडा व दहीही तेवढेच. बदल फक्त एक : तूप थिजलेले घेऊन साखरेबरोबर फेसले. त्या दिवशी डब्यातून गोल, फुगीर, माथ्यावर भेगा पडलेल्या नानखटाया निघाल्या. या भेगाही उगीच पडत नाहीत. वरचा थर आधी सुकून घट्ट होतो, आतला भाग मात्र अजून फुगत असतो. मग वरच्या थराला तडकल्यावाचून गत्यंतर नसते!

भट्टीचे उष्णतामान कसे मोजायचे?

आता प्रश्न आला भट्टीचा. नानखटाईला साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअस उष्णता लागते. एक मुलगा प्रयोगशाळेतील तापमापक घेऊन निघाला, तेव्हा मी त्याला थांबवले. आमच्या तापमापकावर ११० अंशांपर्यंतच खुणा होत्या. भट्टीत तो फुटला असता आणि विषारी पारा खाण्याच्या पदार्थात सांडला असता. मित्रांनो, हे कधीही करू नका.

भट्टीवाल्या चाचांना आम्ही विचारले. ते म्हणाले, “पहाटे पाव निघाला की तासभर थांबायचे. मग नानखटाई लावायची.” लाकडाच्या भट्टीत विटांच्या जाड भिंती उष्णता साठवून ठेवतात. विस्तव काढून घेतल्यावर त्या हळूहळू निवत जातात. जास्त उष्णतेवर आधी पाव भाजायचा आणि मग उतरत्या उष्णतेवर नानखटाई व बटर, असा बेकरीवाल्यांचा क्रम असतो. जळण न वाढवता दोन कामे होतात. तरीही उष्णतेची खात्री करायला चाचा चिमूटभर मैदा पत्र्यावर टाकून, तो किती वेळात तांबूस होतो ते पाहत.

मुलांनी त्याला आणखी एका परीक्षेची जोड दिली. साखर सुमारे १८६ अंश सेल्सिअसला वितळते. ॲल्युमिनियमच्या पातळ कागदाच्या लहान वाट्या करून त्यांत साखरेचे थोडे दाणे घातले आणि चाचांनी त्या लांब फळीने भट्टीत तीन ठिकाणी सरकवल्या. पंधरा मिनिटांनी वाट्या बाहेर आल्या. मागच्या कोपऱ्यातील साखर वितळून तांबूस झाली होती. मधली आणि तोंडाजवळची साखर दाणेदारच होती. म्हणजे मागचा कोपरा नानखटाईला फार गरम होता. चाचा हसले. “त्या कोपऱ्यात मी कधीच पत्रा ठेवीत नाही,” ते म्हणाले. त्यांच्या हाताला जे अनेक वर्षांत कळले होते, तेच साखरेच्या चार दाण्यांनी आम्हाला दाखवले.

नफा कोठे गेला?

आता हिशेब. बाजारभाव गावोगावी वेगळे असतात, म्हणून तुम्ही तुमच्या गावचे भाव घाला. आमच्या वर्गाचा एका घाण्याचा खर्च असा होता : मैदा २० रुपये, डाळीचे पीठ १० रुपये, पिठीसाखर १२ रुपये, तूप १६० रुपये, दही, सोडा व वेलदोडे मिळून १८ रुपये. एकूण २२० रुपये. पाव किलोचे पाकीट १३० रुपयांना विकायचे ठरले.

दोन मुलांनी लगेच फळ्यावर गणित मांडले. एक घाणा १,०३० ग्रॅम, म्हणजे २० घाणे २०,६०० ग्रॅम. पाकिटे झाली ८२. विक्री १०,६६० रुपये, खर्च ४,४०० रुपये, शिल्लक ६,२६० रुपये. वर्गात आनंदीआनंद झाला!

तुम्हाला यात चूक दिसते का? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

पहिली चूक पाण्याची. मैद्यात वजनाच्या साधारण १३ टक्के पाणी असते, दह्यात तर बहुतेक पाणीच. भाजताना त्यातील बरेचसे उडून जाते. मुलांनी भाजण्यापूर्वी व भाजल्यावर वजन केले. १,०३० ग्रॅमचे ९७० ग्रॅम भरले. साठ ग्रॅमची वाफ झाली होती, आणि वाफ काही पाकिटात भरता येत नाही! दुसरी चूक तुटफुटीची. प्रत्येक घाण्यात सुमारे ९५ ग्रॅम माल तुटतो. उरले ८७५ ग्रॅम, म्हणजे साडेतीन पाकिटे. वीस घाण्यांची पाकिटे ८२ नव्हे, ७० होतात. तिसरी चूक म्हणजे भाजणावळ. ती दर घाण्याला ३० रुपयांप्रमाणे ६०० रुपये झाली. चौथी चूक पाकिटांच्या कागदाची, १४० रुपये.

आणि पाचवी? फसलेले घाणे! तीन अर्धे घाणे, प्रत्येकी ११० रुपयांचे; एकूण ३३० रुपये. “सर, ते हिशेबात कशाला? ते तर आपणच खाल्ले!” असे एकजण म्हणाला. यावर बराच वाद झाला. शेवटी एका मुलीने विचारले, “त्या तीन घाण्यांशिवाय चौथा जमला असता का?” कोणालाच होय म्हणता येईना. ३३० रुपये खर्चात लिहिले गेले. घरचा गॅस एका पालकांनी दिला होता; तोही ‘देणगी’ म्हणून वहीत नोंदला.

आता खरा हिशेब पाहा. विक्री ७० गुणिले १३० म्हणजे ९,१०० रुपये. खर्च ५,००० अधिक १४० अधिक ३३० म्हणजे ५,४७० रुपये. शिल्लक ३,६३० रुपये. फळ्यावरच्या ६,२६० रुपयांतले २,६३० रुपये विक्रीआधीच नाहीसे झाले. हवे होते ३,६००. जेमतेम पुरणार!

तुपाऐवजी वनस्पती?

आता खरी परीक्षा आली. एक मुलगा म्हणाला, “सर, तुपाऐवजी वनस्पती घातले, तर दर घाण्यामागे १२० रुपये वाचतात. वीस घाण्यांत २,४०० रुपये! पाटीवर ‘तुपातली नानखटाई’ लिहू. वेलदोडा जास्त घातला की कोणाला काय कळणार?”

वर्ग गप्प झाला. कारण हिशेब बरोबर होता.

वनस्पती म्हणजे काय, ते आधी पाहू. द्रवरूप तेलात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन वायू सोडला की तेल घट्ट होते. ही क्रिया अर्धवट झाली, तर ट्रान्स प्रकारची स्निग्धाम्ले तयार होतात. ती रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवतात आणि उपकारक कोलेस्टेरॉल कमी करतात. म्हणून आपल्या देशात तेले व स्निग्ध पदार्थांतील अशा कृत्रिम ट्रान्स स्निग्धाम्लांवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. म्हणजे नियमाप्रमाणे बनवलेले वनस्पती वापरणे हा गुन्हा नाही. आणि साजूक तूप तरी बेताने खावे असेच आहे; त्यात संपृक्त स्निग्धाम्ले भरपूर असतात. तेव्हा प्रश्न वनस्पती चांगले की वाईट, एवढाच नव्हता. प्रश्न होता तो पाटीवर काय लिहायचे याचा.

“वनस्पती घालू, पण मग पाटीवरही वनस्पती लिहू,” एक मुलगी म्हणाली. “मग १३० रुपयांना कोण घेईल?” दुसऱ्याने विचारले. “म्हणजे जास्तीचे पैसे वनस्पतीचे नाहीत, खोटे बोलण्याचे आहेत,” ती म्हणाली. त्यानंतर मत घेण्याची गरज उरली नाही. ज्या मुलाने सूचना केली होती, त्यानेच पाटी रंगवली. तिच्यावर मैदा, डाळीचे पीठ, साखर, साजूक तूप, दही, सोडा, वेलदोडा असे सारे घटक ठळक अक्षरांत होते.

आणखी एक गोष्ट पाहणे जरुरीचे होते. जास्त साखर आणि स्निग्ध अंश असलेले पदार्थ शाळेच्या उपाहारगृहात किंवा शाळेच्या दारापासून ५० मीटरच्या आत विद्यार्थ्यांना विकण्यावर २०२० सालच्या अन्नसुरक्षा नियमांनी बंधन घातले आहे. नानखटाईत साखर व तूप मिळून अर्ध्याच्या आसपास भरतात. म्हणून मुख्याध्यापकांना विचारून विक्री फक्त पालकांसाठी, घरी न्यायच्या पाकिटांची ठेवली. तुम्हीही आपल्या शाळेत आधी परवानगी घ्या.

हवेतले पाणी

घाणे लागले संमेलनाच्या आदल्या दोन दिवशी. मुलांनी हात साबणाने धुतले, केस बांधले. ज्यांना सर्दी-खोकला होता, त्यांना फक्त वजने आणि वही दिली. भट्टीजवळ चाचांशिवाय कोणी गेले नाही.

नानखटाई गरम असतानाच पाकिटात भरायची घाई एका गटाला झाली. त्यांना थांबवावे लागले. गरम पदार्थाची वाफ पाकिटात कोंडते, थंड होऊन पाणी बनते आणि नानखटाई नरम पडते. पूर्ण निवल्यावर ती घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. दोन नानखटाया मुद्दाम रात्रभर बशीत उघड्या ठेवल्या. सकाळी त्यांचे वजन सुमारे एक ग्रॅमने वाढले होते आणि त्या मऊ झाल्या होत्या. समुद्राकाठच्या हवेतील पाणी त्यांनी शोषले होते.

“सर, याच पाण्याने भिंगावर बुरशी आली ना?” एका मुलाने विचारले. होय, तेच पाणी! जी हवा नानखटाई नरम करते, तीच भिंगावर बुरशीला जगू देते. नानखटाईचा डबा बंद ठेवायचा, तसाच सूक्ष्मदर्शकही बंद पेटीत आणि पाणी शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायचा. दुरुस्तीला पैसे जमवण्याइतकेच हे शिकणेही महत्त्वाचे होते, नाही तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच धुके!

संमेलनाच्या दिवशी

संध्याकाळी पाटी लागली. एका आईने पाकीट हातात घेतले, पाटी वाचली आणि पाकीट परत ठेवले. त्यांच्या मुलीला गव्हातील ग्लुटेन चालत नव्हते. काही व्यक्तींच्या आतड्यांना ग्लुटेनने खरोखरच इजा होते. त्या विकाराला सीलिॲक म्हणतात. एक पाकीट विकले गेले नाही, याचे त्या दिवशी कोणालाच वाईट वाटले नाही. पाटीवर घटक का लिहायचे, हे मात्र सर्वांना कळले.

शेवटी ६८ पाकिटे विकली गेली. दोन मुलांनी चाचांना दिली आणि वहीत तसे लिहिले. विक्री ८,८४० रुपये. खर्च वजा जाता उरले ३,३७० रुपये. २३० रुपये कमी! तेवढ्यात वजने सांभाळणाऱ्या मुलीने चुऱ्याचा डबा पुढे केला. खाऊन, वाटून दीड किलो चुरा शिल्लक होता. शिक्षकांनी तो चहाबरोबर खायला १६० रुपये किलोने घेतला, चुरा म्हणूनच. २४० रुपये आले. एकूण ३,६१० रुपये.

पुढच्या महिन्यात सूक्ष्मदर्शक दुरुस्त होऊन आला. कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवला, आयोडीनचा थेंब टाकला आणि ज्याने पाटी रंगवली होती त्याला मी पहिल्यांदा बोलावले. त्याने बराच वेळ डोळा वर केला नाही. “सर, भिंती दिसतात,” तो म्हणाला. “विटांसारख्या. अगदी स्पष्ट.”

मित्रांनो, यंदा तुमच्या शाळेत आनंदमेळावा असेल, तेव्हा एक वही घाला. काय घातले, काय बदलले, भाजण्यापूर्वी वजन किती, नंतर किती, काय फसले आणि त्याला किती पैसे लागले, हे सारे त्यात लिहा. फसलेले घाणे मात्र खोडू नका.